एका आघाडीपटूची कारकीर्द आणि भारतीय व्यावसायिक फुटबॉलची संरचना : सुनील छेत्री यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भारतात फुटबॉल हा खेळ शतकाहून अधिक काळ खेळला जात असला, तरी फुटबॉल हा पूर्णवेळ व्यवसाय होऊ शकतो ही कल्पना आपल्याकडे तुलनेने नवी आहे. महाविद्यालयाच्या मैदानावर उत्तम खेळणाऱ्या विद्यार्थ्याने पुढे काय करावे, या प्रश्नाला ‘क्रीडा कोट्यातून नोकरी’ हेच उत्तर आपण अनेक वर्षे देत आलो आहोत. या पार्श्वभूमीवर, सुमारे अडीच दशके केवळ खेळावर उपजीविका करून आंतरराष्ट्रीय फुटबॉलमध्ये ९५ गोल नोंदविणाऱ्या सुनील छेत्री यांची कारकीर्द अभ्यासण्याजोगी ठरते.

छेत्री यांचा गौरव पुष्कळ झाला आहे. अर्जुन पुरस्कार (२०११), पद्मश्री (२०१९) व खेलरत्न (२०२१) हे सन्मान त्यांना लाभले. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने सात वेळा त्यांची वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली. गौरवापलीकडचा प्रश्न मात्र फारसा विचारला जात नाही. जो संघ विश्वचषकाच्या अंतिम स्पर्धेत कधीही खेळला नाही आणि आशियाई चषकातही क्वचितच दिसला, त्या संघाचा आघाडीपटू गोलांच्या जागतिक यादीत इतक्या वर कसा पोहोचला? आणि त्याच्यानंतर त्याची जागा घेणारा दुसरा का निर्माण झाला नाही? या दोन प्रश्नांची उत्तरे परस्परांशी निगडित आहेत, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आघाडीपटू आणि ‘व्यावसायिक’ ही संज्ञा

फुटबॉलमध्ये अकरा खेळाडूंची गोलरक्षक, बचावफळी, मधली फळी व आघाडीची फळी अशी ढोबळ विभागणी केली जाते. आघाडीपटूचे प्रमुख कार्य गोल करणे हे असले, तरी नव्वद मिनिटांपैकी चेंडू प्रत्यक्ष त्याच्या पायाशी असण्याचा काळ अत्यल्प असतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, यावर त्याचे यश अवलंबून असते. दोन बचावपटूंमधील मोकळी जागा हेरणे, ऑफसाइडच्या रेषेवर थांबून योग्य क्षणी धाव घेणे, प्रतिस्पर्ध्याला आपल्यामागे खेचून सहकाऱ्यासाठी वाट मोकळी करणे ही कामे प्रेक्षकांच्या नजरेत सहसा भरत नाहीत. सर्वांत पुढे व मध्यभागी खेळणारा मध्यवर्ती आघाडीपटू, त्याच्या किंचित मागे खेळणारा सहायक आघाडीपटू आणि कडेने चढाई करणारा विंगर असे या भूमिकेचे प्रकार आहेत. छेत्री यांनी आपल्या कारकिर्दीत या तिन्ही भूमिका निभावल्या. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरी संज्ञा ‘व्यावसायिक’ ही होय. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले, तेव्हा त्यांपैकी तीन गोल नेव्हिल डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांमध्ये त्यांची गणना झाली. मूळ गोव्याचे असलेले डिसूझा मुंबईत टाटा व कॅल्टेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळत. त्या काळातील खेळाडूचा आधार कंपनीतील नोकरी हा होता. खेळ त्या नोकरीला जोडून येई. रेल्वे, पोलीस, बँका व तेल कंपन्या यांच्या संघांनी भारतीय फुटबॉल दीर्घकाळ पोसला. ही व्यवस्था खेळाडूला निवृत्तीनंतरची सुरक्षितता देत असे. परंतु खेळाचे शास्त्र, आहार, प्रशिक्षण व स्पर्धेची तीव्रता यांबाबत तिच्या मर्यादा उघड होत्या. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये आय-लीग आली व २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग. छेत्री यांची कारकीर्द या तिन्ही टप्प्यांतून गेली आहे. त्यामुळे ती व्यक्तिचरित्राइतकीच संस्थात्मक इतिहासाचीही साधनसामग्री ठरते.

जडणघडणीचा काळ : २००१ ते २००८

छेत्री यांचा जन्म ३ ऑगस्ट १९८४ रोजी सिकंदराबाद येथे झाला. वडील भारतीय सैन्यात असल्याने बालपण बदल्यांच्या गावांत गेले. आई नेपाळच्या महिला संघातून फुटबॉल खेळलेल्या होत्या, त्यामुळे खेळाचे संस्कार घरातूनच मिळाले. दिल्लीतील सिटी क्लबकडून खेळू लागल्यावर २००२ मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास, त्यांना कोलकात्याच्या मोहन बागानने करारबद्ध केले. पुढे २००५ ते २००८ या काळात ते पंजाबातील फगवाड्याच्या जेसीटी संघात होते. या संघाने २००६-०७ च्या राष्ट्रीय लीगमध्ये धेंपोपाठोपाठ दुसरे स्थान मिळविले.

१२ जून २००५ रोजी क्वेट्टा येथे पाकिस्तानविरुद्ध त्यांनी आंतरराष्ट्रीय पदार्पण केले व त्याच सामन्यात आपला पहिला गोल नोंदविला. त्या वेळी भारतीय आक्रमणाची धुरा बायचुंग भुतिया यांच्याकडे होती. अनुभवी आघाडीपटूच्या शेजारी खेळण्याची ही संधी महत्त्वाची होती, कारण बचावपटूंचे लक्ष भुतियांवर केंद्रित होत असे आणि त्यातून मोकळ्या होणाऱ्या जागेत धाव घेण्याची कला छेत्री यांना प्रत्यक्ष सामन्यांतून आत्मसात करता आली.

या शिक्षणाचे फळ १३ ऑगस्ट २००८ रोजी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर दिसले. एएफसी चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानचा ४-१ असा पराभव केला. त्यांत छेत्री यांचे तीन गोल होते. या विजयामुळे भारत २०११ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला. १९८४ नंतर प्रथमच, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, भारत त्या स्पर्धेत उतरला.

परदेशाचे दार : २००९ ते २०१३

खेळाडूच्या प्रगतीत स्वतःहून वरच्या दर्जाच्या स्पर्धेत खेळणे हा निर्णायक टप्पा असतो. छेत्री यांच्या बाबतीत हा टप्पा तीनदा आला आणि तिन्ही वेळा अपुरा राहिला.

२००९ मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स या क्लबने त्यांना करार देऊ केला. परंतु ब्रिटिश शासनाने कामाचा परवाना नाकारला. तत्कालीन नियमानुसार युरोपीय संघाबाहेरील खेळाडूचा देश फिफाच्या क्रमवारीत पहिल्या सत्तरांत असणे आवश्यक होते आणि भारत त्या मर्यादेच्या कितीतरी बाहेर होता. येथे एक दुष्टचक्र स्पष्ट दिसते. राष्ट्रीय संघाचा दर्जा उंचावण्यासाठी खेळाडूंनी परदेशी स्पर्धांत खेळावे लागते. आणि परदेशी स्पर्धांत प्रवेश मिळण्यासाठी राष्ट्रीय संघाचा दर्जा आधीच उंच असावा लागतो. व्यक्तीची गुणवत्ता देशाच्या क्रमांकाने मोजली जाते. शैक्षणिक क्षेत्रात संस्थेच्या मानांकनावरून विद्यार्थ्याचे मूल्य ठरविण्याची जी प्रवृत्ती आपण अनुभवतो, तिच्याशी याचे साम्य जाणवल्यावाचून राहत नाही.

२०१० मध्ये अमेरिकेतील कॅन्सस सिटी विझर्ड्स या संघात ते दाखल झाले. तथापि मेजर लीग सॉकरच्या साखळीत त्यांना एकही सामना मिळाला नाही. २०१२ मध्ये पोर्तुगालच्या स्पोर्टिंग लिस्बनने त्यांना घेतले, परंतु ते दुय्यम संघापुरतेच, आणि तेथेही त्यांच्या वाट्याला तीनच सामने आले. त्या वेळी त्यांचे वय अठ्ठावीस वर्षे होते. युरोपीय क्लब ज्या वयात तरुण खेळाडू घडवितात ते वय उलटून गेले होते, आणि ज्या वयात तयार खेळाडू विकत घेतात त्या वयाला साजेसा वरच्या स्पर्धांचा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. भुतिया १९९९ मध्ये इंग्लंडच्या बरी या क्लबकडे गेले होते. त्यानंतर दहा वर्षांनीही हा मार्ग रुंद झाला नव्हता.

याच काळात भारतात ते ईस्ट बंगाल, धेंपो, चिराग युनायटेड, मोहन बागान व चर्चिल ब्रदर्स अशा क्लबांतून खेळले. यांपैकी चर्चिल ब्रदर्सला २०१२-१३ ची आय-लीग जिंकून देणाऱ्या संघात ते उसनवारीच्या तत्त्वावर होते. क्लब बदलण्याच्या या वेगामागील एक कारण क्लबांच्याच अस्थैर्यात शोधता येते. मुंबईतील महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये आपला संघ विसर्जित केला, जेसीटीने २०११ मध्ये. गोव्यातील धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब दे गोवा यांनी २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून माघार घेतली. खेळाडू टिकला, त्याचे क्लब टिकले नाहीत, असे हे विपरीत चित्र आहे.

स्थैर्याचा लाभ : बेंगळुरू एफसी

२०१३ मध्ये जेएसडब्ल्यू उद्योगसमूहाने बेंगळुरू एफसी हा नवा क्लब स्थापन केला व छेत्री त्याचे कर्णधार झाले. पहिल्याच हंगामात, २१ एप्रिल २०१४ रोजी, फातोर्डा येथे धेंपोला ४-२ असे हरवून या संघाने आय-लीगचे विजेतेपद निश्चित केले. छेत्री यांनी त्या हंगामात लीगमध्ये १४ गोल केले. पुढे २०१५-१६ ची आय-लीग, दोन फेडरेशन चषक, २०१८ चा सुपर कप, २०१८-१९ ची इंडियन सुपर लीग आणि २०२२ चा ड्युरँड चषक असे यश क्लबला मिळाले. २०१६ मध्ये एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत मलेशियाच्या जोहोर दारुल ताझिमला ३-१ असे नमविताना छेत्री यांनी दोन गोल केले आणि या स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारा बेंगळुरू हा पहिला भारतीय क्लब ठरला. अंतिम सामन्यात इराकच्या अल-कुवा अल-जाविया संघाकडून त्याला ०-१ अशी हार पत्करावी लागली.

मधल्या काळातील एका विचित्र व्यवस्थेचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. सुपर लीगच्या आरंभीच्या हंगामांत ती स्पर्धा व आय-लीग वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांत खेळविल्या जात आणि खेळाडू दोन क्लबांत विभागले जात. २०१५ च्या लिलावात मुंबई सिटीने छेत्री यांना एक कोटी वीस लाख रुपयांना घेतले; त्या लिलावातील ती सर्वोच्च बोली होती. मुंबईकडून नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध तीन गोल करून सुपर लीगमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले भारतीय ठरले. २०१७ मध्ये बेंगळुरू एफसीच सुपर लीगमध्ये सामील झाल्यावर ही दुहेरी व्यवस्था त्यांच्यापुरती संपली.

क्लबमधील स्थैर्यानेही एक प्रश्न मात्र सुटला नाही. २०१७-१८ च्या हंगामात बेंगळुरूचा मध्यवर्ती आघाडीपटू व्हेनेझुएलाचा मिकू होता आणि छेत्री बहुतेक वेळा डाव्या बाजूने खेळत. त्या हंगामात मिकूने १५, तर छेत्री यांनी १४ गोल केले. देशाचा प्रमुख गोलवीर आपल्या क्लबमध्ये कडेला खेळतो, ही बाब वरवर किरकोळ वाटली तरी तिच्यात भारतीय फुटबॉलचे एक मूळ दुखणे दडलेले आहे.

राष्ट्रीय संघासाठीचे गोल : आकड्यांचा अर्थ

६ जून २०२४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर छेत्री यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलचा निरोप घेतला, तेव्हा त्यांच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. म्हणजे दर सामन्यामागे सुमारे ०.६२ गोल. क्रिस्तियानो रोनाल्डो, अली दाई व लिओनेल मेस्सी या तिघांनंतर सर्वकालीन यादीत त्यांचा चौथा क्रमांक होता.

या आकड्यांचे मूल्यमापन दोन टोकांनी होते. एक वर्ग त्यांना थेट मेस्सीच्या पंक्तीत बसवितो. दुसरा ‘दुबळ्या संघांविरुद्धचे गोल’ म्हणून ते बाजूला सारतो. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. त्यांच्या गोलांचा मोठा भाग दक्षिण आशियाई व तत्सम दर्जाच्या संघांविरुद्ध आला, हे नाकारता येत नाही. २०११, २०१५, २०२१ व २०२३ या चार सॅफ स्पर्धांच्या विजेतेपदांत त्यांचा सिंहाचा वाटा होता. परंतु खेळाडू आपले प्रतिस्पर्धी निवडत नाही; ते वेळापत्रकाने ठरतात. ज्या संघाचे बहुतांश सामने शेजारी राष्ट्रांशी होतात, त्याच्या आघाडीपटूचे गोलही तेथेच होणार.

अधिक न्याय्य कसोटी आशियाई चषकाची आहे. २०११ मध्ये दोहा येथे भारत तिन्ही सामने हरला. तरीही बहारीन व दक्षिण कोरिया यांच्याविरुद्ध छेत्री यांनी प्रत्येकी एक गोल केला. २०१९ मध्ये अबुधाबीत थायलंडविरुद्धच्या ४-१ अशा विजयात त्यांचे दोन गोल होते. या दोन स्पर्धांतील सहा सामन्यांत चार गोल, हे प्रमाण त्यांच्या एकूण सरासरीपेक्षा उणे नाही. याउलट जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या स्पर्धेत भारताला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. त्या वेळी छेत्री एकोणचाळीस वर्षांचे होते आणि संघ अद्याप त्यांच्यावरच विसंबून होता.

आकड्यांपलीकडील एक घटना नोंदविणे उचित होईल. जून २०१८ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर, चिनी तैपेईविरुद्ध छेत्री यांनी हॅटट्रिक केली व भारत ५-० असा जिंकला. तो सामना पाहण्यास अवघे २,५६९ प्रेक्षक उपस्थित होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी चित्रफितीद्वारे लोकांना मैदानावर येण्याचे आवाहन केले. हवे तर टीका करा, परंतु येऊन करा, असा त्याचा आशय होता. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटे संपली आणि भर पावसात स्टेडियम भरले. खेळाडूला गोल करण्याबरोबर प्रेक्षकही जमवावे लागतात, ही बाब त्याच्या मोठेपणाची जितकी, तितकीच व्यवस्थेच्या उणिवेची साक्ष देते.

वयाचा हिशेब

आघाडीपटूची कारकीर्द सामान्यतः पस्तिशीच्या आसपास संपते. वेग व उसळी यांचा ऱ्हास या स्थानावर लगेच जाणवतो. छेत्री यांनी २०२४-२५ च्या सुपर लीगमध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १४ गोल केले. त्या हंगामात कोणाही भारतीय खेळाडूचे इतके गोल नव्हते. फातोर्डा येथे एफसी गोवाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भरपाई वेळेत त्यांनी डोक्याने केलेल्या गोलामुळेच बेंगळुरूने एकत्रित ३-२ अशा फरकाने अंतिम फेरी गाठली.

सुमारे १७० सेंटिमीटर उंचीच्या खेळाडूने हवेतील चेंडूवर इतके गोल करावेत, याचे स्पष्टीकरण उंचीत मिळत नाही. चेंडू कोठे पडणार याचा अंदाज बचावपटूच्या आधी बांधणे, त्याच्या दृष्टीआड उभे राहणे व अखेरच्या क्षणी पुढे सरकणे या गोष्टी त्यामागे आहेत. शरीराची झीज झाली तरी हे ज्ञान झिजत नाही. उलट ते वयानुसार वाढते. आहार, झोप व व्यायाम यांबाबतची त्यांची शिस्त सर्वश्रुत आहे. ही शिस्त पूर्णवेळ व्यावसायिकालाच परवडते, हा मुद्दाही येथे ध्यानात घ्यावा लागतो.

वारसदाराचा प्रश्न

मार्च २०२५ मध्ये निवृत्ती मागे घेऊन छेत्री राष्ट्रीय संघात परतले. शिलाँग येथे १९ मार्च रोजी मालदीवविरुद्धच्या ३-० अशा विजयात त्यांनी आपला ९५ वा गोल केला. परंतु आशियाई चषकाच्या पात्रता फेरीत भारताची वाटचाल अडखळली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी फातोर्डा येथे सिंगापूरकडून १-२ असा पराभव झाल्यावर २०२७ च्या स्पर्धेची आशा संपली. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द पुन्हा, आणि या वेळी अखेरची, संपली.

चाळीस वर्षांच्या खेळाडूला परत बोलवावे लागणे याची कारणे क्लबच्या रचनेत आहेत. सुपर लीगच्या आरंभीच्या हंगामांत एका संघाला मैदानावर सहा परदेशी खेळाडू उतरविता येत. २०१७-१८ पासून पाच व २०२१-२२ पासून चार. गोलाला सर्वाधिक मोल असल्याने क्लब आपल्या परदेशी जागांपैकी एक तरी मध्यवर्ती आघाडीपटूसाठी राखून ठेवतात. क्लबच्या दृष्टीने हा निर्णय तर्कशुद्ध आहे. परंतु सर्वच क्लबांनी तो घेतल्यावर भारतीय आघाडीपटूला एक तर बाकावर बसावे लागते किंवा कडेला सरकावे लागते. अठराव्या ते तेविसाव्या वर्षांत ज्याला नियमित सामने मिळत नाहीत, तो पंचविसाव्या वर्षी राष्ट्रीय संघात गोल करील ही अपेक्षा व्यर्थ ठरते. छेत्री यांना त्या वयात जेसीटीसारख्या संघात नियमित खेळता आले आणि भुतियांची सोबत लाभली. पुढे कडेला जावे लागले, तेव्हा त्यांचा पाया पक्का झालेला होता. नंतरच्या पिढीला तो पाया घालण्याची संधीच अपुरी मिळाली. अर्थात हे एकमेव कारण नव्हे. कुमार गटातील सामन्यांची अल्प संख्या व राज्य पातळीवरील लीगची दुरवस्था यांचाही यात वाटा आहे.

त्यातच स्पर्धेचे भवितव्यही डळमळीत झाले. महासंघ व आयोजक यांच्यातील कराराची मुदत डिसेंबर २०२५ मध्ये संपत असल्याने सुपर लीगचा नवा हंगाम जुलै २०२५ मध्ये स्थगित करण्यात आला व ते वर्ष संपेपर्यंत तो सुरू झाला नाही. ज्या क्लबने छेत्री यांना दशकभर स्थैर्य दिले, त्या बेंगळुरू एफसीनेच ऑगस्ट २०२५ मध्ये खेळाडू व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबविल्याचे जाहीर केले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, छेत्री यांचे यश हे भारतीय व्यवस्थेचे फलित नसून बऱ्याच अंशी तिच्या उणिवांवर केलेली मात आहे. म्हणूनच त्याची पुनरावृत्ती आपोआप होणार नाही. दोन, त्यांच्या ९५ गोलांचे मूल्य प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जासह जोखले तरी ते कमी होत नाही. आशियाई चषकातील कामगिरी त्याची ग्वाही देते. तीन, देशी आघाडीपटू घडवायचे असतील, तर तरुण खेळाडूंना त्यांच्या मूळ स्थानावर नियमित सामने मिळतील अशी तरतूद स्पर्धेच्या नियमांतच असावी लागेल.

या विषयाचा महाविद्यालयांशी असलेला संबंधही दुर्लक्षून चालणार नाही. अठरा ते तेवीस हे आघाडीपटूच्या घडणीचे निर्णायक वय आणि आपल्या विद्यार्थ्यांचे वय एकच आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीने दोन-चार दिवसांत उरकण्याऐवजी साखळी पद्धतीने संपूर्ण सत्रभर चालल्या, तर प्रत्येक संघाला किमान आठ-दहा सामने मिळू शकतील. यासाठी मोठ्या निधीपेक्षा वेळापत्रकाच्या नियोजनाची व परीक्षा विभागाच्या सहकार्याची गरज आहे. मैदानावरील गुणवान विद्यार्थ्याला व्यवसाय म्हणून फुटबॉल निवडण्याचा सल्ला द्यावा की नाही, हा प्रश्न आज प्रामाणिक शिक्षकाला अडचणीत टाकणारा आहे. कारण ज्या देशात सर्वांत यशस्वी आघाडीपटूच्या क्लबचेही वेतन थांबू शकते, तेथे ‘होय’ म्हणणे धाडसाचे ठरते. हे उत्तर निःशंकपणे देता येईल अशी स्थिती निर्माण होणे, हीच या कारकिर्दीची खरी फलश्रुती ठरेल.